खडू कोणाच्या हातात : आपत्ती-तयारी पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

४ फेब्रुवारी

काम आजपासून सुरू. ४८ पानांची पुस्तिका, मोठा टाइप, भरपूर चित्रं. पूर, वादळ, उष्णता यांच्या वाटेवर असलेल्या वस्त्यांतल्या स्वयंसेवक गटांनी वापरायची. सोबत नदीकाठच्या एका वस्तीत चाचणी. वस्तीचं नाव नोंदींत येणार नाही. पूरवाली वस्ती म्हणून नाव छापून आलं की जमिनीला गिऱ्हाईक मिळत नाही, असं तिथल्याच लोकांनी पहिल्या फोनवर बजावलं.

पहिल्या प्रकरणाचं शीर्षक मी लिहिलं होतं ‘लोकांना सहभागी करून घेणे’. आमच्या अभियंत्याने पेन्सिलीने खाली विचारलं, “कोण कोणाला करून घेतंय?” मुद्दा बरोबर आहे. पाणी पहिल्यांदा त्यांच्या घरात शिरतं, पहिला दोर शेजारीच टाकतो. बाहेरची बोट पोचेपर्यंत निम्मं काम उरकलेलं असतं, चांगलं किंवा वाईट. म्हणजे सहभागी आपण होणार, त्यांच्या कामात. शीर्षक खोडलं. नवं सुचलेलं नाही.

११ फेब्रुवारी

आठवडाभर वाचन. बांगलादेशाची गोष्ट पुस्तिकेत हवीच, पण पुरती हवी. १२ नोव्हेंबर १९७०च्या भोला चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसं गेली. त्यानंतर रेड क्रॉस आणि सरकार यांनी मिळून चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम उभा केला. आज त्यात सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत आणि निम्म्या स्त्रिया. साधनं साधी: कर्णा, हाताने फिरवायचा भोंगा, निशाणं, सायकल.

इथेच थांबलो तर गोष्ट गोड होते. कार्यक्रम चालू असतानाच २९ एप्रिल १९९१चं वादळ आलं आणि सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली. पुष्कळांपर्यंत इशारा पोचला होता. पण निवारे कमी आणि लांब होते. गुरं सोडून कोण जाणार? निवाऱ्यात बायकांना आडोसा नव्हता, आणि घरचा पुरुष परत येईपर्यंत निघायचं कसं हाही प्रश्न होता. त्या वादळात स्त्रियांचे मृत्यू पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होते. पुढे निवारे वाढले, स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या झाल्या, गुरांसाठी उंच माती टाकून जागा केल्या. २००७च्या सिद्र वादळात मृतांचा आकडा साडेतीन हजारांच्या आत राहिला.

समासात लिहिलं: इशारा पोचणं वेगळं, माणूस हलणं वेगळं. दोन्हींच्या मध्ये गुरं, आडोसा, कुलूप, म्हातारी आई असं सगळं असतं. पुस्तिका त्या मधल्या जागेबद्दल हवी.

१९ फेब्रुवारी

दिवस शब्दांत गेला. वादळाचा वारा समुद्राचं पाणी ढकलत जमिनीवर आणतो, त्याला म्हणायचं काय? चित्रकाराने ‘वादळी लाट’ सुचवलं. मी ‘वादळी उधाण’ म्हटलं. एका जुन्या परिभाषा-यादीत असा शब्द सापडला की तो उच्चारेपर्यंत पाणी येऊन जाईल.

ही चर्चा हौशी नाही. ८ नोव्हेंबर २०१३ला फिलिपिन्समध्ये हैयान वादळ आलं. इशाऱ्यात ‘स्टॉर्म सर्ज’ हे शब्द होते, वेळेवर दिलेले होते. ताक्लोबान शहरातल्या अनेकांना त्यांचा अर्थ उमगला नाही. वारा म्हटल्यावर लोक पक्क्या घरात बसले आणि काही ठिकाणी पाच-सहा मीटर पाणी आत आलं. देशभर सहा हजारांहून जास्त मृत्यू झाले. ‘त्सुनामीसारखं पाणी येईल’ असं सांगितलं असतं तर लोक निघाले असते, असं नंतर अधिकारीच म्हणाले.

ठरलं: नाव द्यायचंच नाही, वाक्य द्यायचं. ‘वारा समुद्राला ढकलत आत आणेल. पाणी छतापर्यंत येऊ शकतं. लाट येऊन गेली असं होणार नाही, पाणी कित्येक तास राहील.’ जागा तिप्पट लागते. लागू दे.

२१ फेब्रुवारी

आकड्यांची पानं. ‘शंभर वर्षांचा पूर’ हा शब्दप्रयोग पुस्तिकेतून हद्दपार. ऐकणारा म्हणतो, मागच्या वर्षी येऊन गेला, आता नव्व्याण्णव वर्षं निवांत. खरा अर्थ: दर वर्षी शंभरात एक शक्यता. तीस वर्षं त्याच घरात राहणाऱ्यासाठी हिशेब केला तर असा पूर एकदा तरी बघायची शक्यता जवळपास २६ टक्के, म्हणजे चारात एक. एका पिशवीत चार गोट्या, एक लाल, असं चित्र काढायला दिलं.

पावसाचे मिलिमीटर असेच बेजान. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. १०० मिलिमीटर पडला तर एका हेक्टरवर दहा लाख लिटर. हे वाचून अभियंता म्हणाला, “आता मलाच पहिल्यांदा भीती वाटली.”

५ मार्च

वस्तीत पहिली बैठक. ३१ जण, त्यांत २७ पुरुष. वेळ सकाळी अकराची, आम्हीच ठरवलेली. बायका कामावर. मी वीस मिनिटं बोललो, लोकांनी माना डोलावल्या. निधी देणाऱ्यांना हवा म्हणून फोटो, सह्या. कागदावर हा ‘लोकसहभाग’ झाला.

अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाला लोकांना गुंडाळणं, वर लोकांच्या हाती कारभार. मधल्या पायऱ्यांवर माहिती देणं आणि मत विचारणं. ही मी प्रशिक्षणांत अनेकदा फळ्यावर काढली आहे. आज आम्ही तळापासून फार वर नव्हतो.

९ मार्च

संध्याकाळी साडेसात. शाळेची फरशी, रंगीत खडू, दोन कंदील. छापील नकाशा नेला होता, तो गुंडाळूनच ठेवला. पुरुषांनी एका खोलीत काढायचं, बायकांनी दुसऱ्या.

पुरुषांच्या नकाशात रस्ता, बांध, पंपघर, शाळा, पूल. नेटका, जवळजवळ प्रमाणात. बायकांच्या नकाशात पूल नव्हताच. त्यात बांधाखालून पाणी बाहेर काढणारी मोरी होती, हातपंप होते, दिवा नसलेली गल्ली होती, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची तीन घरं, खडूने गिरवून गिरवून ठळक केलेली.

मग दोन्ही नकाशे एकमेकांना दाखवले. पुरुषांनी पुराची निळी रेघ बांधाला समांतर काढली होती. साठीच्या एक बाई वाकल्या, अंगठ्याने ती रेघ पुसली, फरशीवर निळा धब्बा राहिला. खडू घेऊन मोरीपाशी टेकवला आणि तिथून रेघ उलटी, वस्तीच्या आत, शाळेच्या तिसऱ्या पायरीपर्यंत ओढली. “बांधावरून येत नाही ते. मोरीतून मागं येतं. आधी इथं भरतं, मग तुम्हाला दिसतं.” कोणी काही बोललं नाही. मग एक काका म्हणाले, “ताई म्हणतात ते खरं. आम्ही तेव्हा बांधावर असतो.”

बांधावर उभं राहून नदीकडे बघणारा आणि घरात पाय भिजलेला, यांना पूर वेगवेगळ्या दिशेने येताना दिसतो. एवढं साधं आहे, आणि मला ते सुचलं नव्हतं.

१० मार्च

अभियंत्याने मोजणी केली. मोरीचा तळ बांधाच्या माथ्यापेक्षा १ मीटर ४० सेंटीमीटर खाली. नदी चढली की ओढ्याचं पाणी बाहेर पडायचं थांबतं आणि नदीचं पाणी मोरीतून आत ढकललं जातं. आमच्या छापील नकाशातली उंचीची माहिती ३० मीटरच्या चौकटींची आहे. अख्खी गल्ली एका चौकटीत मावते, मोरी कुठून दिसणार? मोरीला झडप हवी. हे खर्चाचं काम आहे, खडूचं नाही. वेगळी नोंद केली.

२२ मार्च

पाणीपातळीची मोजपट्टी. होंडुरासमधल्या ला मासिकाची गोष्ट सांगितली. १९९८ साली मिच वादळाने त्या देशात हजारो माणसं मारली, त्या नगरपालिकेच्या हद्दीत एकही गेला नाही. तिथे काही महिने आधी वस्तीपातळीवर इशारा-यंत्रणा बसवली होती, आणि पुरुषांनी सोडून दिलेलं पाणीपातळी बघण्याचं काम बायकांनी उचललं होतं. गोष्ट संपल्यावर मागून आवाज आला, “सोडून दिलेलं, म्हणजे नेहमीसारखंच.” हशा.

वरच्या वाडीत पुलाच्या खांबावर पट्टी रंगवायची. हिरवा, पिवळा, लाल कुठे संपतो ते आम्ही सरकारी इशारा पातळी आणि धोका पातळीवरून काढून नेलं होतं. ते टिकलं नाही. त्यांनी उलटा हिशेब मांडला. वरच्या पुलापासून पाणी इथे यायला साधारण पाच तास. गुरं हलवायला तीन तास. अंथरुणाला खिळलेली दोन माणसं, प्रत्येकी चार जणांची गरज, मिळून दीड तास. रात्र असेल तर सगळ्याला दीडपट. म्हणजे रात्री एकट्या गुरांनाच साडेचार तास, आणि माणसं हलवणारे हात तेच. तेव्हा पिवळा म्हणजे ‘सावध राहा’ नाही. पिवळा म्हणजे ‘गुरं सोडा’. लाल म्हणजे माणसं बाहेर. त्यामुळे पिवळ्याची खूण आमच्या खुणेपेक्षा हातभर खाली आली.

अधिकृत इशारा पातळी नदी सांगते. ही पट्टी वस्तीला किती वेळ लागतो ते सांगते. प्रत्येक रंगासमोर क्रियापद हवं, विशेषण नको, असा पुस्तिकेसाठी नियम केला.

पट्टी वाचायला वरच्या वाडीतल्या दोघी आणि एक नावाडी. नावाड्याने स्वतःच सांगितलं की पूर चढताना तो नदीवर असेल, खांबापाशी नसेल, म्हणून दोघी हव्यातच.

३ एप्रिल

उष्णतेचं प्रकरण गाळायचा विचार होता, कारण नदीकाठी ऐकणारं कोणी नसतं. ठेवलं. उष्णता घर पाडत नाही, रस्ता तोडत नाही, म्हणून बातमी होत नाही. जुलै १९९५मध्ये शिकागोत काही दिवसांच्या लाटेत सातशेहून जास्त मृत्यू झाले. पुष्कळसे एकटे राहणारे वृद्ध, दारं-खिडक्या बंद. अहमदाबादेत मे २०१०च्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं, आणि २०१३ साली शहराने उष्णता कृती आराखडा केला.

बायकांच्या नकाशातली ती तीन ठळक घरं इथे पुन्हा कामाला येतात. पुराची यादी आणि उन्हाची यादी बहुतेक एकच.

१८ एप्रिल

रंगीत तालीम. फजिती झाली.

भोंगा वाजला, कोणी हललं नाही. पलीकडच्या कारखान्याच्या पाळीचा भोंगा हुबेहूब असाच आहे. लोकांना वाटलं पाळी सुटली. दोघं तर घड्याळ बघून म्हणाले, आज लवकर सुटली.

शाळेची किल्ली गावाबाहेर राहणाऱ्या माणसाकडे. हे अपेक्षित होतं, तरी आम्ही तपासलं नव्हतं.

अंथरुणावरच्या आजींना खाटेसकट उचलायचं ठरलं होतं. चौघांनी खाट उचलली, दारापाशी नेली आणि ती अडकली. आडवी जाईना, तिरकी केली तर आजी घसरायला लागल्या. आजींनीच शेवटी वरून सांगितलं, “अरे, ही खाट या खोलीत सुताराने आत बसून जोडलीय. बाहेर कधी आलीच नाही.” चादरीची झोळी करून नेलं. नऊ मिनिटं गेली. अभियंत्याने सगळ्या यादीतल्या घरांची दारं मोजायला घेतली.

२० व २१ एप्रिल

आढाव्याची बैठक. भोंगा बाद, कर्णे घ्यायचे, गल्लीगणिक ओळखीचा आवाज. किल्ल्या तीन, तीन घरांत. इथवर एकमत.

मग मी विचारलं, तालमीच्या वेळी नदीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये काही कुटुंबं दिसली, ती कोणाच्या यादीत आहेत? शांतता. मग कोणीतरी, “ते आमच्यातले नाहीत. कामाला आलेत, जातील.” नऊ शेड. सगळ्यात खालच्या जागी. पुरुषांच्या नकाशात नाहीत. बायकांच्याही नाहीत. आणि खरं तर आमच्याही नाहीत. महिनाभर येता-जाता त्यांच्यासमोरूनच गाडी नेत होतो.

‘वस्तीचा आवाज’, ‘स्थानिकांचं ज्ञान’ हे शब्द मी मसुद्यात सढळ हाताने वापरले आहेत. वस्ती म्हणजे एक माणूस नसतो. आत घेताना ती कोणाला तरी बाहेरही ठेवते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खडू घेऊन शेडपाशी गेलो. मोठी माणसं बोलायला तयार नव्हती. यादीत नाव म्हणजे उठवायची नोटीस, अशी त्यांची समजूत, आणि अनुभवाने आलेली. एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा पुढे आला. त्याने पत्र्यावरच नकाशा काढला आणि रात्री फोन कोणाचा चालू असतो, कोणाचा बंद, ते घरागणिक लिहिलं. हे आमच्या प्रश्नावलीत नव्हतं.

२ मे

वाद झाला, चांगला झाला. एक आजोबा ठाम: पाणी शाळेच्या तिसऱ्या पायरीच्या वर कधीच गेलेलं नाही, मग लाल खूण त्याच्या वरची कशाला? आठवणीची ताकद मी नाकारत नाही. इंडोनेशियातल्या सिमेउलू बेटावर १९०७च्या त्सुनामीची आठवण ‘स्मोंग’ या शब्दात जपली होती. २००४ला भूकंप होताच लोक डोंगरावर पळाले. सुमारे ७८ हजारांत सातच मृत्यू. (त्सुनामी हवामानाची नाही, पण उदाहरण आठवणीचं आहे, म्हणून ठेवलं.)

पण हवामान बदलतंय तेव्हा आठवण हीच कमाल मर्यादा धरता येत नाही. तापमान एका अंशाने वाढलं की हवा सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि पडताना ते एकदम पडतं. हे अभियंत्याने सांगितलं. आजोबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे माझी खूण खोटी?” नाही. तडजोड अशी: शाळेच्या भिंतीवर दोन खुणा. एक ‘पाहिलेली’, आजोबांच्या हातची, सालासकट. दुसरी तिच्या वर, ‘न पाहिलेली’. नावं त्यांनीच ठेवली.

१५ मे

आराखडा एका कार्यालयात दिला. त्यांनी तो आपल्या नमुन्यात टाइप करून परत पाठवला. खाटेचं दार, मोरी, फोनची यादी गळाली. जागी आलं, ‘सर्व संबंधितांनी योग्य ती दक्षता घ्यावी’. मूळ प्रत जोडपत्र म्हणून लावायची विनंती केली. होकार आहे, सही नाही.

‘सहभाग’ या शब्दाआड खर्च ढकलला जातो, हेही पुस्तिकेत लिहायला हवं. पट्टी वाचणं, शेजारच्याला उठवणं हे वस्तीचं काम. मोरीची झडप, बांधाची डागडुजी हे वस्तीने श्रमदानातून करावं असं सुचवणारा एक अभिप्राय आला, तो मी स्वीकारलेला नाही. फिलिपिन्सच्या २०१०च्या कायद्यात स्थानिक सरकारांनी उत्पन्नाचा किमान पाच टक्के वाटा आपत्ती-जोखमीसाठी राखायचा आहे आणि त्यातला तीस टक्के तातडीच्या मदतीसाठी. बांगलादेशात जुलै २०२०मध्ये जमुना नदीचा (ब्रह्मपुत्रेचं तिथलं नाव) पूर टोकाला पोचण्याआधीच अंदाजावरून संयुक्त राष्ट्रांचा निधी मोकळा झाला. पैसा आधी देता येतो.

आपत्तीची जोखीम कमी करण्यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा सेंडाई आराखडा (२०१५ ते २०३०) पुस्तिकेत चार ओळींत आटोपला.

२८ मे

४८ पानांची ३२ झाली. त्यातली ११ कोरी, चौकटींसकट. छापखान्याला वाटलं फाइल बिघडली. निधी देणाऱ्यांनीही विचारलं, मजकूर कमी का. कळवलं की तो तिथे लिहिला जाणार आहे.

९ जून

दुसरी तालीम, रात्री. आजी झोळीत, दोन मिनिटं. शेडमधली सात कुटुंबं आली, दोन आली नाहीत.

२६ जून

काल रात्री पावणेदोनला वरच्या वाडीतून फोन: “पिवळ्याला लागलं.” मला नाही, त्यांना. मला सकाळी कळलं. कर्णे फिरले, गुरं हलली. पाणी लालच्या वीतभर खाली थांबलं आणि पहाटे उतरलं. मोरीतून मात्र आलं, शाळेच्या पहिल्या पायरीपर्यंत.

दिवसभर कुरकुर. “उगाच झोपमोड केली.” एका म्हशीचा पाय चिखलात मुरगळला, त्याचा राग वाडीवाल्या दोघींवर निघाला. त्यांतली एक म्हणाली, पुढच्या वेळी लालपर्यंत थांबते. हे ऐकून मी घाबरलो, पण मध्ये पडलो नाही. संध्याकाळी वहीत नोंद झाली, ती अशी: ‘पिवळा १:४५. गुरं वर ५:१०. पाणी थांबलं ४:३०. लालला गेलं असतं तर गुरं पाण्यात.’ खाली साठीच्या त्याच बाईंची सही. वही फिरली. कुरकुर पूर्ण थांबली नाही, पण दोघींना कोणी काही म्हटलं नाही.

२९ जून

पुस्तिका उद्या छापायला जाणार होती. शेडवाल्या मुलाचा फोटो आला: पत्र्यावर नवा नकाशा. पूर उतरल्यावर पाच शेड पंपघरामागे उंचावर हलवल्या आहेत, त्यामुळे पान १७ चुकीचं ठरलं. छापखान्याला ते पान कोरं सोडायला सांगितलं आहे.